काठ कोणाचा आणि पाणी कोणाचे?

होडी वल्हवीत जाणाऱ्या माणसाला पाण्यावर सहसा कोणी अडवीत नाही. पाण्यात कुंपण उभे राहत नाही आणि लाटेवर मालकाचे नाव लिहिता येत नाही. परंतु होडी काठाला लागली आणि नावाड्याचे पाऊल वाळूवर पडले, की त्याच क्षणी एक अवघड प्रश्न उभा राहतो. ही वाळू कोणाची? काठावर कोणाची तरी बाग आहे, बागेला दगडी गडगा आहे आणि गडग्यावर 'खाजगी जागा, येण्यास मनाई' अशी पाटी आहे. अशा वेळी नावाड्याने उतरावे की आल्या वाटेने परत फिरावे?

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा प्रश्न आढळत नाही. तथापि हक्क म्हणजे काय, तो कोठून येतो आणि कसा नाहीसा होतो, हे समजून घेण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. म्हणून या लेखात त्याचा थोडा सविस्तर अभ्यास करू.

कोणी म्हणेल, सातपुड्याच्या कुशीतल्या धूलकोटला समुद्राच्या वाळूशी काय कर्तव्य? याचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या नकाशातच आहे. मुलताईजवळ उगम पावणारी तापी बुऱ्हाणपूरच्या राजघाटावरून पुढे जाते आणि एकंदर ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेपलीकडे अरबी समुद्रास मिळते. शेजारच्या खंडवा जिल्ह्यात ओंकारेश्वरास नर्मदेवर पूल असूनही शेकडो यात्रेकरू नावेनेच पैलतीरी उतरतात. त्याच जिल्ह्यात पुनाशाच्या धरणामागे इंदिरा सागराचा अफाट जलाशय पसरला आहे. जेथे पाणी आहे तेथे काठ आहे, आणि जेथे काठ आहे तेथे त्याच्या मालकीचा प्रश्न आहे. समुद्रकिनारी हा प्रश्न अधिक ठळक दिसतो एवढेच. म्हणून आरंभ तेथून करू.

१. ओला पट्टा आणि कोरडा पट्टा

समुद्राचे पाणी साधारणपणे दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. चढणे ती भरती आणि उतरणे ती ओहोटी. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास भरती फार मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार कमी असते, त्यास कोकणात भांग म्हणतात. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाण्याच्या उंचीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. किनारा सपाट असेल तर एवढ्या फरकाने पुष्कळ लांबवरची जमीन एकदा पाण्याखाली जाते आणि एकदा उघडी पडते.

भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांमधील या जमिनीस आपण या लेखापुरते 'ओला पट्टा' म्हणू. भरतीच्या रेषेच्या वरची वाळू, तिच्यामागची माडांची बाग आणि घरे हा 'कोरडा पट्टा'. होडी लागते ती ओल्या पट्ट्यात. माणसाला जायचे असते ते कोरड्या पट्ट्यापलीकडच्या रस्त्यावर. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा सारा विषय सुलभ होईल.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. भरतीची रेषा तरी कोणती धरावी? उधाणाची की भांगाची? इंग्लंडमध्ये १८५४ सालच्या एका निकालाने दोन्ही टोके सोडून मध्यम भरतीची सरासरी रेषा मान्य केली. आपल्या देशातील किनारा संरक्षणाच्या नियमांनी मात्र उधाणाचे पाणी जमिनीवर जेथवर पोहोचते ती रेषा धरली आहे. रेषा काही हात अलीकडे सरकली तर बागवाल्याची जमीन वाढते, पलीकडे सरकली तर लोकांची वाढते. किनाऱ्यावरील अनेक तंट्यांचे मूळ असे एका रेषेत असते.

२. रोमपासून इंग्लंडपर्यंत

हा प्रश्न नवा नाही. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियन याने रोमन कायद्याची संहिता तयार करविली. तीत हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या वस्तू निसर्गतः सर्वांच्या आहेत, असे तत्त्व सांगितले आहे. समुद्र सर्वांचा असून किनारा एकट्याचा असेल तर समुद्र सर्वांचा असून उपयोग काय, हा विचार त्यामागे असावा.

इंग्लंडच्या कायद्याने निराळी वाट धरली. तेथे ओला पट्टा सामान्यतः राजाचा मानला गेला. मात्र राजाने तो कोणा जमीनदारास दिला, तरी नौकानयनाचा आणि मासेमारीचा लोकांचा हक्क त्या देणगीने बुडत नाही, असे न्यायालयांनी ठरविले. पण हा हक्क केवढा? १८२१ साली लिव्हरपूलजवळील ग्रेट क्रॉस्बी येथील एक तंटा न्यायालयात आला. एका हॉटेलची माणसे समुद्रस्नानासाठी लोकांना चाकांच्या खोल्यांतून पाण्यापर्यंत नेत असत. किनाऱ्याच्या मालकाने हरकत घेतली. न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, नौकानयन व मासेमारी यांचा हक्क म्हणजे कोणत्याही कारणासाठी किनारा ओलांडण्याचा हक्क नव्हे. न्यायमूर्ती बेस्ट यांनी मात्र या मताशी असहमती नोंदविली.

याच विचारसरणीतून नावाड्याविषयीचा इंग्रजी नियम निघाला. पाण्यावरून जाण्याचा हक्क असला तरी दुसऱ्याच्या काठावर वाटेल तेथे उतरण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. उतरावे ते सार्वजनिक धक्क्यावर, किंवा वहिवाटीने ठरलेल्या जागी, किंवा मालकाच्या अनुमतीने. अपवाद एकच. वादळ झाले, होडी फुटली, जीव धोक्यात आला, तर कोणत्याही काठाचा आश्रय घेता येतो. संकटात सापडलेल्या माणसापुढे मालकीची पाटी लहान ठरते, हे कठोर कायद्यालाही मान्य करावे लागले.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने सतराव्या शतकात आणखी विलक्षण तोडगा काढला. तेथे ओला पट्टाही काठच्या मालकास दिला, परंतु मासेमारी, पक्ष्यांची शिकार व नौकानयन यांसाठी तो लोकांना खुला ठेवला. उलट स्कॉटलंडने २००३ सालच्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकास बहुतेक जमिनीवर व पाण्यावर जाण्याचा हक्क दिला आणि वल्ह्याच्या होड्यांसही त्यात स्थान दिले. तात्पर्य, या प्रश्नाचे उत्तर निसर्गाने लिहून ठेवलेले नाही. प्रत्येक समाजाने ते आपापल्या विचाराने लिहिले आहे.

३. आपल्या देशाचा कायदा

महाराष्ट्राच्या १९६६ सालच्या जमीन महसूल संहितेने भरतीच्या रेषेखालील समुद्राचा, बंदरांचा व खाड्यांचा तळ, तसेच नद्या, ओढे व तलाव यांचे तळ, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध झालेली नसेल तर राज्य शासनाचे आहेत, असे सांगितले आहे. आपल्या मध्य प्रदेशाच्या १९५९ सालच्या भू-राजस्व संहितेचे ५७ वे कलम तर याहून व्यापक आहे. त्यानुसार सर्व जमिनी आणि त्यांवरील साचलेले व वाहते पाणी ही राज्य शासनाची मालमत्ता होय.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. एखाद्या बागेच्या खरेदीखतात 'पश्चिमेस समुद्र' अशी चतुःसीमा लिहिली असली, तरी तेवढ्याने ओला पट्टा खरेदीदाराचा होत नाही. जे विकणाऱ्याचे नव्हते ते विकत घेणाऱ्यास कोठून मिळणार? त्या पट्ट्यावर भिंत घालणे किंवा तारा ओढणे म्हणजे स्वतःच्या जागेचे रक्षण नव्हे. ते शासनाच्या जागेवरील अतिक्रमण ठरते.

परंतु शासन मालक आहे म्हणजे लोकांचे काम झाले, असे समजू नये. मालक झालेले शासन तीच जागा दुसऱ्यास देऊ शकते. मग लोकांनी काय करावे? या शंकेचे उत्तर 'लोकन्यासा'च्या तत्त्वात आहे. न्यास म्हणजे ट्रस्ट. देवस्थानचा विश्वस्त देवाचे दागिने सांभाळतो, पण ते आपल्या मर्जीने विकू शकत नाही. तद्वत् नद्या, किनारे यांसारख्या वस्तूंचे शासन हे विश्वस्त आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्याने १८६९ साली शिकागोजवळील सरोवराचा मोठा तळ एका रेल्वे कंपनीस देऊन टाकला होता. पुढे राज्याने ती देणगी परत घेतली आणि १८९२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, अशी लोकांच्या उपयोगाची वस्तू राज्याला कायमची देऊन टाकता येत नाही, या तत्त्वावर राज्याची बाजू उचलून धरली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व डिसेंबर १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या एका प्रवासी हॉटेलच्या प्रकरणात स्पष्ट शब्दांत स्वीकारले आणि नदीपात्रालगतच्या जमिनीचा भाडेपट्टा रद्द केला.

किनाऱ्यापुरते बोलायचे तर १९९१ साली केंद्र शासनाने किनारपट्टीचे नियम जारी केले. त्यांत दोन हॉटेलांमध्ये लोकांना समुद्राकडे जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा ठेवावी, आणि खाजगी जागेला तारेचे कुंपण घातल्यास त्याने लोकांची समुद्राकडची वाट अडता कामा नये, अशा अटी होत्या. २०११ च्या सुधारित नियमांतही त्या कायम राहिल्या.

४. वायंगिणीची वाट

आता एक घडलेले उदाहरण पाहू. माझी मातृभाषा कोकणी. आम्हा कोकणी माणसांच्या बोलण्यात बागेमधून किंवा दोन गडग्यांमधून समुद्राकडे जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेला फार महत्त्व असते. मराठीत तिला पाणंद म्हणतात. रापण ओढणारे, शिंपल्या वेचणाऱ्या बायका, होडीला वंगण लावणारे म्हातारे, सारे याच वाटेने पुळणीवर उतरतात. गोव्यात पणजीजवळ ताळगाव येथे वायंगिणीचा किनारा आहे. तेथील अशाच वाटेचा तंटा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

या किनाऱ्यावर 'सिदाद द गोवा' नावाचे मोठे हॉटेल उभे राहिले. त्यासाठी शासनाने काही जमीन संपादन करून कंपनीस दिली. २६ ऑक्टोबर १९८३ रोजी झालेल्या करारात समुद्राकडे जाणारी लोकांची वाट मोकळी ठेवण्याची अट होती. पुढे हॉटेलचे वाढीव बांधकाम त्या जागेवर आले आणि वाट अडली. ग्रामस्थांनी न्यायालयाचा आश्रय घेतला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने २००० साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि किनारा ही शासनाकडील लोकांची ठेव आहे, या तत्त्वाचा पुनरुच्चार केला.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. त्याच वर्षी गोव्यात भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करण्यात आली आणि ते बांधकाम वाचले. ही दुरुस्तीही न्यायालयात गेली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. न्यायालयाने मान्य केलेल्या हक्काचा पाया विधिमंडळ बदलू शकते, हा धडा विद्यार्थ्यांनी विसरू नये. हक्क एकदा जिंकला म्हणजे कायमचा खिशात पडला, असे नसते. त्याची राखण चालूच ठेवावी लागते.

वायंगिणीचे ग्रामस्थ जमिनीकडून समुद्राकडे जात होते. आपला नावाडी समुद्राकडून जमिनीकडे येतो. दिशा उलट असली तरी वाट तीच. ओल्या पट्ट्यात उतरण्यास त्याला सहसा अडचण नाही, कारण तो पट्टा शासनाचा. खरी अडचण पुढे आहे. ओल्या पट्ट्यापासून गावच्या रस्त्यापर्यंत जाणारी पाणंद बंद झाली, तर तो कायद्याने उतरलेला असूनही अडकलेला राहतो.

५. मालकाची बाजू

न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. बागवाल्याने घाम गाळून माड वाढविलेले असतात. उतरणारे सारेच सज्जन नसतात. कोणी नारळ पाडतात, कोणी घाण टाकतात, कोणी अपरात्री गोंगाट करतात. कोरडा पट्टा त्याच्या मालकीचा असेल तर तेथे कोणी यावे व कोणी येऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार कायदा त्याला देतो. नावाड्याला हक्क आहे तो वाटेचा, बागेत हिंडण्याचा नव्हे.

ही वाट दुसऱ्याच्या जमिनीतून असली तर तिचा हक्क कसा सिद्ध होतो? १८८२ सालच्या कायद्यानुसार, जी वाट एखादा मनुष्य हक्काने, उघडपणे आणि अखंड २० वर्षे वापरतो, ती पुढे त्याच्या मिळकतीचा हक्क ठरू शकते. जमीन शासनाची असेल तर ही मुदत ३० वर्षांची आहे. गावच्या रूढीने चालत आलेल्या हक्कांसही कायद्यात स्थान आहे. 'हक्काने' या शब्दाकडे लक्ष द्यावे. दरवेळी मालकाची परवानगी मागून वापरलेली वाट कितीही वर्षे वापरली तरी ती त्याची मेहेरबानीच राहते.

६. आपल्या नद्यांचे काठ

नदीला भरती-ओहोटी नसली तरी ओला पट्टा तिलाही असतो. पावसाळ्यात जेथवर पाणी चढते आणि उन्हाळ्यात जेथवर उतरते, त्यांमधली जमीन तशीच आहे. जलाशयाचे तर विचारूच नका. इंदिरा सागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २६२.१३ मीटर आहे. पाणी जसजसे खाली जाते तसतशी गाळाची विस्तीर्ण जमीन उघडी पडते. महाराष्ट्रात अशा जमिनीस गाळपेर म्हणतात. तिच्यावर पीक घेणारा शेतकरी आणि तिच्यावर होडी ओढणारा मच्छीमार, दोघांचेही पोट तिच्यावर असते. कोणी कोठे पेरावे आणि कोठून होडी उतरवावी, हे आधी ठरले नाही तर तंटा अटळ आहे.

या बाबतीत जुन्या कायद्यातील एक व्याख्या मला फार अर्थपूर्ण वाटते. आपला निमाड प्रदेश मध्य प्रांतात असताना तेथे १८७८ सालचा नावेच्या उतारांविषयीचा कायदा लागू झाला. त्यात 'तर' या शब्दाची व्याख्या करताना केवळ नावेचा विचार केलेला नाही. उतरण्याची जागा आणि त्या जागेपर्यंतची वाट हीसुद्धा तरीचाच भाग मानली आहे. खाजगी तर सार्वजनिक करावयाची झाल्यास मालकाच्या नुकसानीची भरपाई देण्याचीही सोय तीत आहे. आपल्या भाषेनेही हे केव्हाच ओळखले आहे. प्रवाशाला आपण 'उतारू' म्हणतो. जो उतरू शकत नाही तो उतारू कसला?

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत तापीचाही समावेश झाला, परंतु तो जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणापासून खंबायतच्या आखातापर्यंत. आपल्या जिल्ह्यातील तापी त्या यादीबाहेर राहिली. म्हणून येथील घाट व उतार यांची नोंद ठेवणे हे बव्हंशी आपल्याच हाती आहे.

त्यासाठी साधने आहेत. गावच्या पटवाऱ्याकडे निस्तार पत्रक असते. त्यात गावातील शासकीय पडीक जमिनीचा उपयोग लोकांनी कसा करावा, हे लिहिलेले असते. दुसरे 'वाजिब-उल-अर्ज'. शासनाच्या ताब्यात नसलेल्या जमिनीतून व पाण्यातून जाण्या-येण्याची, पाणी घेण्याची व मासे धरण्याची गावची रूढी त्यात नोंदली जाते. काठ शासनाचा असेल तर पहिला कागद पाहावा, खाजगी असेल तर दुसरा. ज्या उताराची नोंद आहे त्याच्याविषयी भांडण मिटविणे सोपे जाते. ज्याची नोंद नाही तो उतार म्हाताऱ्या नावाड्यांच्या आठवणीत असतो, आणि त्यांच्याबरोबरच नाहीसा होतो.

७. सारांश

विद्यार्थिमित्रहो, पाणी सर्वांचे आहे हे म्हणणे सोपे आहे. त्या म्हणण्याची खरी परीक्षा काठावर होते. संकटात सापडलेल्यास कोणताही काठ मोकळा आहे. ओला पट्टा शासनाकडील लोकांची ठेव आहे. कोरड्या पट्ट्यातून जाणारी वाट मात्र वापराने, नोंदीने आणि परस्परांच्या समजुतीने टिकते. वापरणाराने ती स्वच्छ ठेवावी, मालकाने ती मोकळी ठेवावी आणि गावाने ती कागदावर उतरवावी. या तिघांपैकी एकाने हयगय केली तरी वाट बुजते.

स्वाध्याय

१. 'ओला पट्टा' व 'कोरडा पट्टा' यांतील फरक आकृती काढून दाखवा.
२. शासन हे मालक आहे आणि शासन हे विश्वस्त आहे, या दोन विधानांत कोणता भेद आहे?
३. वायंगिणीच्या प्रकरणातून विधिमंडळ व न्यायालय यांच्या संबंधांविषयी काय कळते?
४. आपल्या घरच्या किंवा गावच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून जवळच्या नदीवरील अथवा तलावावरील जुन्या उतारांची यादी करा. त्यांपैकी कोणते आज मोकळे आहेत आणि कोणते बंद झाले, ते कारणांसह लिहा.